बर्फावर टाकलेले मीठ जाते कुठे?

मिनेसोटापासून ऑन्टारिओ, न्यूयॉर्क, न्यू हॅम्पशायरपर्यंतच्या थंड पट्ट्यात मार्चअखेरीस रस्त्याकडेच्या पांढऱ्या पाइनकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. रस्त्याच्या बाजूच्या सुया टोकाकडून तपकिरी पडलेल्या असतात, देठाकडे मात्र अजून हिरव्या असतात. त्याच झाडाची मागची, घराकडची बाजू ठणठणीत असते. हिवाळाभर बर्फाखाली गाडल्या गेलेल्या खालच्या फांद्याही हिरव्याच राहिलेल्या असतात. कोरड्या वाऱ्याने आणि उन्हाने सुया करपतात, पण बहुधा दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या बाजूच्या. रस्ता उत्तरेला असूनही करपलेली बाजू रस्त्याकडचीच असेल, तर संशय घ्यायचा तो मिठावर. त्या झाडाखाली, पदपथाच्या कडेने हात-दीड हात रुंदीची हिरवळही मेलेली दिसते आणि माती सुकल्यावर तिच्यावर कठीण पापुद्रा धरलेला असतो. हे नुकसान भरून काढण्यासाठी वसंत ऋतूत दुकाने जिप्समच्या पिशव्यांनी आणि गवताच्या बियाण्यांनी भरून जातात. ते सगळे निरुपयोगी आहे असे नाही. पण झाडे आणि हिरवळ वाचवण्याचा खरा क्षण मीठ हातातून सुटण्याआधीचा असतो. त्यानंतरचे उपाय उशिराचे, अपुरे, आणि काही बाबतींत दुखणे शेजारच्या पाण्यात ढकलणारे आहेत.

रस्त्यावर मीठ टाकण्याची ही रीत फार जुनी नाही. त्याआधी घाटावर, चढावर आणि वळणांवर वाळू किंवा कोळशाची राख टाकत आणि गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधत. न्यू हॅम्पशायर राज्याने 1938 मध्ये प्रयोग म्हणून मीठ वापरायला सुरुवात केली. 1941-42 च्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेतल्या महामार्गांवर मिळून सुमारे 5,000 टन मीठ पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, उपनगरे पसरली आणि कितीही बर्फ पडला तरी काही तासांत रस्ता काळाभोर मोकळा दिसलाच पाहिजे, ही अपेक्षा रूढ झाली. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे 2 कोटी टन मीठ रस्त्यांवर, पार्किंगच्या जागांवर आणि पदपथांवर पडते. कॅनडात आणखी सुमारे 50 लाख टन. ते येते जमिनीखालून. ऑन्टारिओतल्या गॉडरिच गावाजवळ ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, साधारण 550 मीटर खोलीवर, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. डेट्रॉइट शहराच्या पोटातही अशीच खाण आहे. कोट्यवधी वर्षे खडकात बंदिस्त असलेले हे मीठ आपण दर हिवाळ्यात उघड्या मातीवर आणतो, आणि ते परत जाण्याची वाट कोणी आखलेली नाही.

मीठ बर्फ वितळवते म्हणजे नेमके काय करते, हे समजले की निम्मा अपव्यय थांबतो. मिठात उष्णता नसते. ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, एवढेच. त्यासाठी आधी ते थोड्याशा ओलाव्यात विरघळावे लागते. पारा जसा उतरतो तशी त्याची ताकद झपाट्याने घटते. उणे 1 अंश सेल्सिअसला एक किलो मीठ सुमारे 46 किलो बर्फ वितळवू शकते. उणे 4 ला ते 14 किलोंवर येते, आणि उणे 12 ला जेमतेम 5 किलोंवर. उणे 9 अंशांच्या खाली साधे मीठ जवळजवळ कामाचे राहत नाही. नेमके इथेच माणसाचे चुकते. कडाक्याच्या थंडीत मीठ टाकूनही बर्फ हलत नाही असे दिसले की आणखी दोन ओंजळी टाकल्या जातात, मग आणखी दोन. हे जादा मीठ त्या दिवशी काहीच करत नाही. ते तिथेच पडून राहते आणि आठवड्याने ऊन पडले की विरघळून कडेच्या मातीत उतरते. दुसरी चूक वेळेची. बर्फ पडून, तुडवला जाऊन, घट्ट झाल्यावर त्याच्यावर मीठ ओतले जाते. पडता पडताच फावड्याने ओढून टाकलेल्या बर्फाला मीठ लागतच नाही. लागते ते खाली चिकटून राहिलेल्या पातळ थरापुरते.

आता मातीत उतरलेले मीठ झाडाचे काय करते ते पाहू. पहिला घाव पाण्याचा. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, तोच नियम मुळांनाही लागू आहे. मातीतले पाणी खारट झाले की मुळांना ते ओढून घेता येत नाही, आणि ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानलेले राहते. दुसरा घाव क्लोराइडचा. मातीचे कण क्लोराइडला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे ते पाण्याबरोबर सहज मुळांत शिरते, खोडातून वर चढते आणि जिथून पाण्याची वाफ होते त्या पानांच्या कडांशी साचते. म्हणून जानेवारीत टाकलेल्या मिठाची खूण जुलै-ऑगस्टमध्ये दिसते: शुगर मेपलच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वळतात. तोवर मीठ कोणाच्या ध्यानीमनी नसते. घरमालक उन्हाला दोष देतो, झाडाला पाणी वाढवतो किंवा खत घालतो. रासायनिक खत हाही क्षारच असल्यामुळे त्याने भर पडते ती त्रासातच. न्यू इंग्लंडच्या जुन्या रस्त्यांकडेचे शुगर मेपल का झुरत आहेत, याचा शोध 1950-60 च्या दशकांपासून घेतला गेला आणि त्यात मीठ हे एक ठळक कारण निघाले. तिसरा घाव वरून येतो. वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांमुळे खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात आणि कडेच्या पन्नास-साठ फुटांच्या पट्ट्यातल्या झाडांवर सर्वाधिक बसतात. पाइनच्या सुया करपतात त्या यानेच. पानगळीच्या झाडांत फांदीच्या टोकाची कळी मरते, आणि वसंतात तिच्या खालून एकाच ठिकाणी बारीक फुटव्यांचा वेडावाकडा झुबका निघतो. फोर्सिथियाचे झुडूप घराकडच्या बाजूला पिवळे धमक फुललेले आणि रस्त्याकडच्या बाजूला ओकेबोके दिसते.

चौथा घाव सर्वांत खोल आहे, कारण तो झाडाला न होता जमिनीलाच होतो, आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तो परका नाही. मातीच्या चिकण कणांना कॅल्शियम एकत्र बांधून ठेवते, म्हणून माती रवाळ राहते, तिच्यात हवा-पाणी खेळते. सोडियम भरपूर झाले की ते कॅल्शियमला हुसकावून लावते. मग कण सुटे होतात, बारीक छिद्रे बुजतात, पाणी वर साचते आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. सांगली-कोल्हापुरात उसाला पाटाचे पाणी अतोनात दिल्याने जी जमीन चोपण झाली, तिच्यात हेच घडले आहे. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातही जमिनीतले सोडियम शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या छळते आहे. आपल्याकडे हे पाणी, हवामान आणि निचऱ्याचा अभाव यांतून घडले. तिकडे माणूस पिशवी फोडून, स्वतःच्या हाताने, दारापुढच्या चांगल्या मातीत सोडियम पेरतो आहे. चोपण जमिनीच्या अनुभवाने दिलेला एक धडा तिकडच्या बागांनाही लागू पडतो: जिप्सम घातले, पण निचरा नसेल, तर पैसे वाया जातात.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली जाऊ शकते. हे रसायनशास्त्र पक्के आहे. पण त्याच्या मर्यादाही तितक्याच पक्क्या आहेत. क्लोराइडवर जिप्समचा काही उपाय चालत नाही. शिवाय सुटलेले सोडियम मुळांच्या खाली ढकलायला भरपूर पाणी लागते. किती, याचा एक जुना ठोकताळा आहे: निचरा चांगला असेल तर सहा इंच पाणी मातीतून झिरपल्यावर साधारण निम्मे क्षार धुऊन जातात, बारा इंचांनी सुमारे 80 टक्के. एक हजार चौरस फुटांच्या हिरवळीवर सहा इंच पाणी म्हणजे सुमारे 14,000 लिटर झाले, आणि तेही निम्म्यासाठी. पदपथाकडेचा शंभर चौरस फुटांचा अरुंद पट्टा असेल तर 1,400 लिटर. ते जमण्यासारखे आहे, आणि एप्रिलमध्ये माती मोकळी होताच, नवी पालवी फुटण्याआधी, थांबून थांबून केलेली अशी धुलाई हिरवळीला खरोखर उपयोगी पडते. त्या कामाला माझा विरोध नाही. पण धुतलेले मीठ नाहीसे होत नाही. ते भूजलात जाते, ओढ्यात जाते, तळ्यात जाते. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मिनियापोलिस-सेंट पॉल परिसराचा हिशेब मांडला, तेव्हा टाकलेल्या क्लोराइडपैकी 70 टक्क्यांहून अधिक त्या पाणलोटातच मुरून राहते असे दिसले. मिनेसोटाचे प्रदूषण नियंत्रण खाते लोकांना सांगते की एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे 19 लिटर, पाणी कायमचे बिघडवते. कायमचे हा शब्द इथे अतिशयोक्तीचा नाही, कारण क्लोराइड कुजत नाही, विघटित होत नाही आणि ते पाण्यातून काढायचे तर समुद्राचे पाणी गोडे करण्याइतकाच खटाटोप करावा लागतो. कॅनडा सरकारने 2001 मध्ये तपशीलवार तपासणीअंती रस्त्यांवरच्या मिठाला पर्यावरण कायद्याच्या अर्थाने विषारी ठरवले, ते याच कारणाने.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप माणसांच्या जिवाचा आहे, आणि तो गवतापेक्षा मोठा आहे हे मान्यच करायला हवे. 1992 मध्ये मार्केट विद्यापीठाच्या अभ्यासात मीठ टाकल्यानंतर दुपदरी रस्त्यांवरचे अपघातांचे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले होते. त्या अभ्यासाला मीठ उद्योगाचा पैसा होता हे लक्षात ठेवूनही, निसरड्या रस्त्यावर मीठ जीव वाचवते यात शंका नाही. पाय घसरून माकडहाड मोडणाऱ्या वृद्धांची संख्याही तिकडे थोडी नाही, आणि भारतातून मुलांकडे गेलेल्या साठी-सत्तरीच्या आईवडिलांना बर्फावर चालायची सवय नसते. पण या आक्षेपातून मीठ हवे एवढेच सिद्ध होते. मीठ जास्त हवे, हे त्यातून निघत नाही. सुरक्षितता मिठाच्या थराने येत नाही, ती मोकळ्या झालेल्या फरशीने येते. फरशी मोकळी करायला किती मीठ पुरते? बाराएक औंसांचा एक कॉफीचा मग, म्हणजे साधारण एक पौंड मीठ, वीस फूट लांबीच्या ड्राइव्हवेला किंवा पदपथाच्या दहा चौकोनांना पुरतो. खडे एकमेकांपासून सुमारे तीन इंच अंतरावर पडले की पुरे, कारण प्रत्येक खडा भोवतीचा बर्फ सैल करतो आणि पुढचे काम फावड्याने करायचे असते. उलट, पायाखाली करकरणारे मिठाचे खडे गोल गोट्यांसारखे फिरतात आणि स्वतःच घसरायला कारण होतात. उणे 12 अंशांत ज्याला आईवडिलांची काळजी आहे त्याने मिठावर विसंबून राहूच नये. पायऱ्यांवर जाड वाळू टाकावी. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पावलाला पकड मिळते. वसंतात ती झाडून गोळा करावी लागते, नाहीतर गटारे तुंबतात. ही गैरसोय खरी आहे आणि ती पत्करण्याजोगी आहे.

दुसरा आक्षेप हमखास ऐकू येतो: नगरपालिकेचा ट्रक टनांनी मीठ ओतून जातो, तिथे माझ्या मगभर मिठाने काय होणार? रस्त्याच्या कडेला लागून असलेल्या पट्ट्यापुरते हे म्हणणे बरोबर आहे. पण दारापाशी, पायरीशी, ड्राइव्हवेच्या दोन्ही अंगांना जे यू किंवा बॉक्सवुडचे झुडूप करपते, तिथे ट्रक येत नाही. आणि एकूण हिशेबातही खासगी वाटा लहान नाही. न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण भागातल्या काही पाणलोटांत मोजणी झाली तेव्हा निम्म्याच्या आसपास मीठ खासगी पार्किंग आणि खासगी रस्त्यांवरून आलेले निघाले. त्यामागे भीती आहे. दुकानासमोर कोणी पडले तर मालकावर दावा होतो, म्हणून त्याने नेमलेला बर्फ काढणारा कंत्राटदार हात सैल सोडतो. न्यू हॅम्पशायरने 2013 पासून यावर एक वाट काढली: जो कंत्राटदार मिठाच्या मोजक्या वापराचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवील, नोंदी ठेवील, त्याला आणि त्याच्या ग्राहकाला अशा दाव्यांपासून बऱ्याच अंशी कायद्याचे संरक्षण मिळते. मला हा उपाय कोणत्याही नव्या रसायनापेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो नेमका भीतीवर बोट ठेवतो. सरकारी ट्रकही सुधारत आहेत. कोरडे मीठ धावत्या ट्रकमधून टाकले की त्यातले सुमारे 30 टक्के उसळून कडेला, म्हणजे थेट गवतात, जाते. तेच आधी ओलावून टाकले तर रस्त्यालाच चिकटते. बर्फ पडण्याआधीच 23 टक्क्यांच्या खाऱ्या पाण्याच्या रेघा रस्त्यावर ओढून ठेवल्या तर बर्फ धरतच नाही आणि मीठही बरेच कमी लागते.

पिशवीवर ‘वनस्पतींना सुरक्षित’, ‘पाळीव प्राण्यांना सुरक्षित’ असे छापलेल्या पदार्थांवर मात्र मी भरवसा ठेवणार नाही. कॅल्शियम क्लोराइड उणे 29 अंशांपर्यंत काम करते आणि त्यात सोडियम नसल्याने मातीची घडण बिघडत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडमध्येही सोडियम नसते. पण दोन्हींत क्लोराइड आहेच, आणि साध्या मिठापेक्षा प्रत्येक कणामागे जास्त आहे. पानांच्या कडा त्यांनीही करपतात. युरिया टाकावा, झाडाला खतही मिळेल, असा सल्ला ऐकू येतो. तो उणे 4 च्या खाली फारसा चालत नाही, जास्त झाला तर मुळे जाळतो आणि नत्र वाहून तळ्यात जाते. कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट खरोखर झाडांना सौम्य आहे. त्यात क्लोराइडही नाही. पण ते साध्या मिठाच्या कितीतरी पट महाग आहे, उणे 7 च्या खाली मंदावते आणि पाण्यात गेल्यावर कुजताना तिथला प्राणवायू खाते. घराच्या चार पायऱ्यांना, एखाद्या जपलेल्या जपानी मेपलशेजारी, ते जरूर वापरावे. शहरभर वापरता येईल असे ते नाही.

मिठाला तोंड देणारी झाडे लावा, हाही सल्ला बरोबर आहे, पण त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. पांढरा पाइन, शुगर मेपल, लिंडन रस्त्याजवळ लावू नयेत. तिथे हनी लोकस्ट, गिंको किंवा कोलोरॅडो निळा स्प्रूस तग धरतो. जपानच्या समुद्रकाठी वाळूत वाढणारा रुगोसा गुलाब खाऱ्या तुषारांना जुमानत नाही. गवतात केंटकी ब्लूग्रास नाजूक, तर बारीक पात्याचे फेस्क्यू बरेच चिवट; मिनेसोटा विद्यापीठाने रस्त्याकडेसाठी पारखलेल्या मिश्रणांत त्यांचाच भरणा आहे. पण चिवट झाडाला मिठाचा त्रास उशिरा होतो, इतकाच याचा अर्थ. माती चोपण होत गेली तर त्यालाही पुढे जागा उरत नाही. शिवाय चाळीस वर्षांचे मेपल जिथे आधीच उभे आहे, तिथे या सल्ल्याचा काय उपयोग? त्याच्या वाट्याला येणारे मीठ कमी करणे, हाच त्याच्यापुरता उपाय. रस्त्याच्या बाजूने नोव्हेंबरात खुंट ठोकून गोणपाटाचा पडदा बांधावा, म्हणजे तुषार झुडपावर बसत नाहीत. गोणपाट थेट झाडावर गुंडाळू नये, खारे पाणी शोषून ते पानांनाच चिकटते. ड्राइव्हवेवरचा, मीठ लागलेला बर्फ झाडाच्या आळ्यात किंवा उताराच्या वरच्या अंगाला ढीग करून ठेवू नये. डिसेंबरातल्या मिठापेक्षा मार्चचे मीठ जास्त घातक, कारण तेव्हा मुळे जागी होत असतात आणि ते धुऊन जायला पुढे पुरेसे पाणी मिळेलच असे नसते. मार्चात बर्फ पडला तरी बहुतेक वेळा दुपारच्या उन्हाने तो आपोआप जातो.

शिकागोत, टोरांटोत, मिनियापोलिसमध्ये घर असलेल्या मराठी वाचकांना म्हणून एवढेच सांगणे आहे: यंदा ऑक्टोबरात मिठाच्या पिशव्यांआधी एक चांगले फावडे आणि वाळूची एक गोण आणून ठेवा. पिशवीत एक मग टाकून ठेवा आणि तिथून मीठ मापूनच बाहेर काढा. आणि बर्फ गेल्यावर फरशीवर कोरडे खडे पडलेले दिसले तर ते तसेच सोडू नका. झाडून डब्यात भरा, पुढच्या बर्फाला तेच मीठ पुन्हा वापरता येते.